चप्पल जागेवर नाही, म्हणजे चोरीला गेली का?

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला गेला असाल, तर हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. मांजरसुंब्याच्या बाजूने येणारा रस्ता माणसांनी फुललेला असतो. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या आलेल्या असतात. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला लांब रांग असते आणि बाहेर चपलांचा हा एवढा ढीग.

समजा, तुम्ही दर्शन घेऊन बाहेर आलात आणि चप्पल जागेवर नाही. तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "चोरीला गेली!" सोबतचं कुणीतरी समजूत घालतं, "जाऊ द्या हो, पीडा गेली."

आता जरा थांबा आणि संशोधक म्हणून विचार करा. तुम्हाला नक्की काय माहीत आहे? चप्पल ठेवली तिथे नाही, एवढंच. कुणी आपलीच समजून घालून गेलं असेल. तसली काळी चप्पल गर्दीत शंभर जणांच्या पायात असते. पायापायांनी ढकलत ती ढिगाच्या दुसऱ्या टोकाला गेली असेल. किंवा कुणी खरंच चोरली असेल. ‘जागेवर नाही’ हे निरीक्षण झालं. ‘चोरली’ हा तुम्ही काढलेला अर्थ झाला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सुपरमार्केटमधल्या उचलेगिरीवरचं संशोधन. परदेशात बऱ्याच दुकानांत काउंटरवर माणूस नसतो. गिऱ्हाईक स्वतःच वस्तूचा बारकोड मशीनला दाखवतं, पैसे भरतं आणि जातं. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी बिल करायला माणूस आणि दारात बिलावर शिक्का मारायला वॉचमन असतो. पण मशीन आज ना उद्या इथेही येईल, आणि येताना त्याबद्दलचे निष्कर्षही बरोबर घेऊन येईल. म्हणून ते आधीच तपासून घेऊ.

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचे एड्रियन बेक आणि मॅट हॉपकिन्स यांनी 2016 च्या सुमारास एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक हातातल्या यंत्राने किंवा मोबाईलने दुकानात फिरता फिरता वस्तू स्कॅन करतं, त्या पद्धतीचा हा अभ्यास. तपासणी झालेल्या सुमारे दहा लाख व्यवहारांची आकडेवारी त्यांनी पाहिली. त्यात जवळपास 4 टक्के किमतीचा माल स्कॅन न होताच बाहेर जात होता असं दिसलं. किराणा धंद्यातला नफा किती बारीक असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या मानाने हा आकडा मोठा आहे. त्यांचा युक्तिवादही दमदार आहे: दुकानदाराने खर्च वाचवण्यासाठी माणूस काढला, त्यामुळे चोरीची संधी वाढली आणि "अहो, मशीनने वाचलंच नाही" ही तयार सबबही मिळाली. मग या गुन्ह्यांची काही जबाबदारी दुकानदारावरही येते की नाही?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तरीही माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप शीर्षकावर. त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकाची सुरुवातच ‘स्कॅन करा आणि लुटा’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते, तीही उद्गारचिन्हासकट. तपासणीच्या आकड्यात मात्र दिसतं ते फक्त ‘स्कॅन झालं नाही’. हेतू सिद्ध करणं किती अवघड आहे, हे लेखक स्वतःच मांडतात. मग ‘लुटा’ हा शब्द कुठून आला? तो आकड्यातून आलेला नाही, बाहेरून आणून चिकटवलेला आहे. आणि वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण शीर्षकच वाचतात.

दुसरा आक्षेप त्या आकड्याच्या पुढच्या प्रवासावर. अभ्यास होता फिरता फिरता स्कॅन करण्याचा. बातम्यांमध्ये तो सरसकट सगळ्या सेल्फ चेकआउट मशीनना लागू झाला. एका जागी बसवलेलं, वजन तपासणारं आणि शेजारी मदतनीस उभा असलेलं मशीन वेगळं. तिथेही 4 टक्केच निघेल असं मानायला आधार काय?

तुम्ही म्हणाल, इतका कीस कशाला काढायचा? माल गेला तो गेलाच ना? हिशेबाच्या वहीत गेलाच. पण चोरी हा शब्द माणसाला लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरीच्या व्याख्येतच अप्रामाणिक हेतू आहे. हेतू नसेल तर चोरी नाही. त्याच कलमात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेच्या शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे कायदासुद्धा दोन गोष्टी विचारतो: मनात काय होतं आणि नंतर तुम्ही काय केलंत. आपल्या संशोधनाने कायद्यापेक्षा ढोबळ असू नये, एवढीच अपेक्षा आहे.

याच्या अगदी उलटी चूकही होते, आणि ती पाहायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर घराला दारं नसलेलं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. 2011 मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा मोठी बातमी झाली होती. ‘तिथे चोरी होतच नाही’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पण हे वाक्य कशावर उभं आहे? तक्रारी नाहीत यावर. जिथे चोरी होत नाही ही श्रद्धा आहे, तिथे चोरी झाली असं सांगायला कोण पुढे येईल? आणि तरीही 2010 मध्ये एका बाहेरच्या भाविकाने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केलीच. लेस्टरच्या आकड्यात ‘स्कॅन नाही’ची चोरी झाली. शिंगणापुरात ‘तक्रार नाही’ची सचोटी झाली. दोन्हीकडे नोंद खरी आहे, पण तिला दिलेलं नाव तपासलेलं नाही.

मग कुणी हा फरक केलाच नाही का? केला आहे. गुन्हेशास्त्रज्ञ एमेलिन टेलर यांनी 2016 च्या त्यांच्या लेखात वरवर सज्जन दिसणाऱ्या, पण नियमित उचलेगिरी करणाऱ्या गिऱ्हाइकांना ‘स्वायपर्स’ असं नाव दिलं आणि त्यांचे चार प्रकार पाडले. चुकून सुरुवात झालेले. महागाची वस्तू स्वस्ताची म्हणून दाखवणारे, म्हणजे फळाला गाजर म्हणणारे. ‘काम मीच करतोय, मग थोडी सूट माझी’ असं म्हणणारे. आणि मशीनवर वैतागलेले. तिसऱ्या प्रकाराचं मूळ 1957 मधल्या साईक्स आणि मात्झा यांच्या जुन्या मांडणीत सापडेल. माणूस नियम मोडण्याआधी स्वतःच्या मनाची समजूत घालतो, असं ते म्हणाले होते. "माझी चप्पल गेली, मग मी दुसरी घातली तर काय बिघडलं?" हे तेच आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पहिला प्रकार. एकदा चुकून वस्तू राहिली. घरी गेल्यावर कळलं. काहीच झालं नाही. पुढच्या वेळी मुद्दाम ठेवली. म्हणजे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी प्रश्न बदलला. कपिलधारहून घरी येऊन पायाकडे पाहिलं आणि चप्पल आपली नाही हे लक्षात आलं. तोवर ती चूक होती. त्यानंतर काय केलं, यावर तिचं नाव ठरतं. टेलर यांच्या मांडणीतली माझ्या मते उणीव इथेच आहे. नाव दिलंय माणसाला, आणि प्रकार मात्र क्षणांचे आहेत. एकच माणूस सोमवारी चुकेल, शुक्रवारी वैतागेल आणि एखाद्या दिवशी परत जाऊन पैसेही देईल. त्याला कुठल्या खान्यात टाकाल?

म्हणून कळल्यानंतरचं वागणं मोजायला हवं. तसा एक प्रयत्न गाजलेला आहे. अलेन कोन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ‘सायन्स’मध्ये तो मांडला. 40 देशांतल्या 355 शहरांत सतरा हजारांहून जास्त पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी "रस्त्यात सापडलं" म्हणून देण्यात आली. इथे चुकीला जागा नाही. पाकीट आपलं नाही हे घेणाऱ्याला पक्कं माहीत आहे. पैसे नसलेल्या पाकिटांबाबत सुमारे 40 टक्के लोकांनी मालकाशी संपर्क साधला, पैसे असलेल्यांबाबत सुमारे 51 टक्क्यांनी. लोभाने माणूस वाकतोच, हा आपला अंदाज इथे चुकला.

पण थांबा, इथेही तीच पाल चुकचुकते. प्रामाणिकपणा मोजला तो मालकाला ई-मेल गेला की नाही यावर. बीडमधल्या एखाद्या दुकानदाराला असं पाकीट दिलं तर तो काय करेल? बहुधा गल्ल्यात ठेवून देईल. "येईल कुणीतरी विचारत," म्हणेल. ई-मेल करणार नाही. तो अप्रामाणिक ठरला का? 2023 मध्ये चीनमध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला. ई-मेल थोड्यांनीच केला होता, पण बहुतेक पाकिटं जपून ठेवलेली सापडली.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘चोरी’, ‘प्रामाणिकपणा’, ‘गळती’, ‘शिस्त’ असा एखादा शब्द असेल, तर त्याच्यासमोर वहीत तीन ओळी लिहा. मी प्रत्यक्षात काय पाहणार आहे? त्याला हे नाव मी का देतोय? हेच दिसायला दुसरं कोणतं कारण असू शकतं? तिसरी ओळ कोरी राहिली, तर विषय अजून पिकलेला नाही असं समजा. व्हायवाला बाहेरून येणारे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आणि हा फक्त पद्धतीचा प्रश्न नाही. उद्या एखादी कंपनी ‘4 टक्के गिऱ्हाइकं चोर’ अशी स्लाईड दाखवून कॅमेरे विकेल. मालाचे टक्के माणसांचे कधी झाले, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. मग दारातला वॉचमन कुणाची पिशवी उघडायला सांगेल? कपड्यांवरून जो गरीब दिसतो त्याची, की सगळ्यांची? ज्या बाईच्या हातून मशीनवर साबणाची एक वडी राहून गेली, तिच्यासाठी आपला ढिला शब्द चारचौघांतली बेअब्रू होऊन येईल. तिने मुद्दाम ठेवली असेल तर तो दोष तिचाच. कंपनी मोठी आहे म्हणून तो धुतला जात नाही. पण मुद्दाम ठेवली, हे आधी दाखवावं लागेल.

पुढच्या कार्तिकीला चप्पल जागेवर दिसली नाही, तर आधी ढिगाचं दुसरं टोक बघून या.