कानबाईच्या गीतांच्या गायिका : घरांतील व मांडवांतील

कानबाईचा उत्सव खानदेशांतील वाचकांस नवा नाहीं. श्रावणांत नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारीं भाऊबंद एकत्र जमतात, नारळास देवीचें रूप देऊन ती बसवितात, रोटांचा नैवेद्य होतो, रात्र जागरणांत जाते आणि सोमवारीं वाजतगाजत नदीवर विसर्जन होतें. हा उत्सव मूळचा घरचा. तथापि अलीकडे तो सार्वजनिकही झाला असून, धुळें-जळगांवाप्रमाणेंच पोटापाण्यासाठीं खानदेशी माणूस जेथें गेला त्या सुरत, नाशिक, पुणें या शहरांतही मांडव घालून कानबाई बसविली जाते. या मांडवांतून व्यासपीठावर अहिराणी गीतें म्हणणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला आहे. त्यांच्या गायनाविषयीं येथें लिहावयाचें आहे. गाण्याचा विषय या त्रैमासिकांत कशास, अशी शंका कोणी घेईल. परंतु जागरणाचें गीत हेंही एक दप्तरच आहे, तें कागदावर नाहीं इतकेंच.

घरच्या जागरणांत गाणारी बाई श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाहीं, देवीकडे बसते. एकीनें ओळ धरावी, इतरांनीं ती झेलावी, पहिली अडली तर दुसरीनें पुरी करावी, असा क्रम चालतो. गळा गोड आहे कीं नाहीं याची चौकशी कोणी करीत नाहीं. देवीच्या नांवामागोमाग त्या घरच्या कर्त्याचें, त्याच्या भावांचें, नुकत्याच आलेल्या सुनेचें नांव ओळींत बसवून घेतलें जातें, आणि हें बसविणें जिला साधतें तीच जाणती गायिका. त्यामुळें एका घरीं उतरून घेतलेली संहिता शेजारच्या घरच्या संहितेशीं जुळत नाहीं. पाठभेद पाहण्याची संवय जडलेला संशोधक मग त्यांतील एकीस भ्रष्ट ठरवून मोकळा होतो. हा दोष आमच्या हातूनही घडला आहे. आमच्या जुन्या टिपणांत सुनांच्या नांवांपुढें आम्हीं 'अपपाठ' असा शेरा मारून ठेविला आहे, आणि कांहीं ठिकाणीं तर तीं नांवें गाळूनच प्रत केली आहे. सून घरांत कोणत्या सालीं आली हें विचारलें असतें तर त्या गीताची मिती हातीं लागली असती. कागद कोणाच्या घरीं, कोणत्या रुमालांत सांपडला हें लिहून ठेवण्याची शिस्त आपण कटाक्षानें पाळतों. गीताच्या बाबतींत मात्र तिची आठवण राहत नाहीं.

आतां मांडवांतील गायिका. त्यांच्यांत गोड गळ्याच्या बऱ्याच आहेत व कांहींची शब्दफेक खरोखर वाखाणण्यासारखी आहे. परगांवीं जन्मलेल्या मुलांच्या कानांवर अहिराणी पडते ती बहुतांशीं यांच्यामुळेंच, हें श्रेय त्यांस दिलें पाहिजे. परंतु गीत त्यांच्या हातीं येतें तें वहींतून उतरलेलें, एकाच पाठांत गोठलेलें. वाद्यांचा मेळ आधीं ठरलेला असल्यामुळें ओळ लांबविण्यास जागा नसते, आणि नांवें प्रथम गळतात तीं याच कारणानें. वर्गणीदारांचीं नांवें दोन गीतांच्या मध्यें मोठ्यानें वाचलीं जातात. पुढील संशोधकास तींही उपयोगी पडतील म्हणा, पण तीं गीताच्या बाहेर आहेत.

याहून गंभीर गोष्ट भाषेची. 'मन्हा' याचें 'माझा', 'शे' याचें 'आहे', 'डोया' याचा 'डोळा', अशी सुधारणा सभ्यपणाच्या भावनेनें केली जाते. ग्रिअर्सन यांनीं आपल्या भाषापाहणीच्या १९०७ सालीं निघालेल्या भागांत खानदेशीस भिल्ल बोलींच्या खंडांत बसविलें. तें वर्गीकरण कोणास मान्य असो वा नसो, ज्या रूपांवर तो वाद चालावयाचा तींच रूपें व्यासपीठावर पुसलीं जात आहेत. गायिकांस दोष देण्यापूर्वीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, 'शुद्ध' करून छापण्याची वाट त्यांस आपल्याच वर्गानें दाखविली.

वहीचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां येत नव्हतें. घरच्या मंडळींनीं टिपून ठेविलें म्हणूनच त्यांच्या निधनानंतर (३ डिसेंबर १९५१) १९५२ सालीं तीं गाणीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध होऊं शकलीं, आणि त्यांची बोलीही राखली गेली. वही नसती तर कांहींच उरलें नसतें. परंतु वही शब्द राखते, जात्याची गति राखीत नाहीं.

एका मांडवांत आम्हीं पाहिलेला प्रसंग येथें नोंदवून ठेवितों. गायिकेनें समोरच्या बायकांस साथ करण्याची विनंति केली, तेव्हां एक वृद्ध बाई व्यासपीठावर चढली. ध्वनिवर्धक तिनें हातानें दूर सारला, श्रोत्यांकडे पाठ करून ती देवीपुढें बसली आणि चालू गीताच्याच ओळींत तिनें एक नांव घातलें. ओळ लांबली, वाजविणारे थांबले. मुख्य गायिका क्षणभर गोंधळली, पण मग तिनें ती लांबलेली ओळ जशीच्या तशी झेलली, व पुढचीं तीन-चार कडवीं दोघींनीं वाद्यांवांचून म्हटलीं. गीत संपल्यावर आम्ही त्या वृद्धेजवळ जाऊन नांवाची चौकशी केली. तें तिच्या धाकट्या जावेच्या सुनेचें होतें. लग्न त्याच वैशाखांत झालें होतें. आम्हीं तें टिपून घेतलें, आणि या खेपेस त्यापुढें कोणताही शेरा लिहिला नाहीं.