सारूप्य आणि शब्दाची ओळख

येवगेनी गॅब्रिलोविच आणि अ‍ॅलेक्स गोन्टमाखेर या लेखकद्वयाने २००२ साली ‘द होमोग्राफ अटॅक’ हे छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संकेतस्थळाच्या पत्त्यातील रोमन ‘सी’ व ‘ओ’ यांच्या जागी तशीच दिसणारी रशियन अक्षरे घालून त्यांनी ते नाव रीतसर नोंदवून दाखविले. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक; त्यामुळे डोळ्यांना जे नाव एक, ते यंत्राला दोन. अशा पत्त्यावर पासवर्ड देणारा पेढीचा नोकर फसतो आणि पेढीचे नावही चोरीस जाते, हे या टिपणाने वेळीच दाखविले. त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

परंतु त्याची संज्ञा सदोष आहे. भाषाशास्त्रात होमोग्राफ म्हणजे लेखन एक आणि शब्द भिन्न. येथे लेखनच भिन्न आहे, केवळ आकृती समान. हा भेद क्षुल्लक नव्हे. लेखन समान मानले की दोष वाचणाऱ्याकडे जातो, आणि ‘पत्ता नीट न्याहाळून पाहा’ हा उपदेश आपोआप सुचतो. कार्यालयांतील सूचनापत्रके आजही तेच सांगतात. वस्तुतः सराईत वाचक अक्षर न्याहाळीत बसत नाही. तो शब्द ओळखतो, आणि न्याहाळूनही जो भेद दिसतच नाही तो त्याने कोठून पाहावा?

एकाच नावात दोन लिपी मिसळल्यास ब्राउझरने संशय घ्यावा, हा उपायही अपुरा ठरला. २०१७ मध्ये एका संशोधकाने अ‍ॅपल कंपनीच्या नावाशी तंतोतंत जुळणारे नाव संपूर्णपणे सिरिलिक वर्णांत नोंदविले. लिपी एकच, म्हणून संशयास जागा नाही! क्रोमला त्याच वर्षी आपली चाळणी बदलावी लागली.

मराठीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि रोमन लिपीपुरते पाहणाऱ्या या टिपणाच्या कक्षेत तो येत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे पाठ्यपुस्तकांत झिजलेले उदाहरण घ्यावे. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो: नुक्तायुक्त ‘र’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. छापील रूप एकच. यंत्राच्या हिशेबी शब्द दोन. पत्त्यांच्या २००३ च्या नियमांत हे जोडचिन्ह गाळले जाई. म्हणजे त्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ मुकाट्याने ‘दर्या’कडे जात. २०१० च्या नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह ग्राह्य मानले. ‘.भारत’ हे देवनागरी नाम २०१४ मध्ये खुले झाल्यावर हा केवळ व्याकरणाचा वाद राहिला नाही. शिवाय दुसऱ्या कळफलकावर टंकित केलेला स्वतःचाच पासवर्ड नाकारला गेला, तर तेथे शत्रू कोणीच नसतो.

पासकीची पद्धत येथे अधिक शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल. २०१९ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या वेबऑथन या नियमावलीनुसार किल्ली मूळ पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यांची तुलना डोळा करीत नाही, यंत्र करते. सारूप पत्त्यावर किल्ली चालतच नाही. मात्र किल्ली हरवली की मनुष्य मदतकक्षाला दूरध्वनी करतो, आणि तेथे नाव, जन्मतारीख व आवाज यांवरच ओळख ठरते. आवाजाच्या या सारूप्याविषयी टिपणात अक्षरही नाही.