‘कॅन्टोन्मेंट’ : उच्चाराचा वाद आणि भिंगारचा व्यवहार

अहमदनगरचा किल्ला ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याने घेतला. पुढे शहरालगत भिंगार येथे इंग्रजांचे लष्करी ठाणे वसले आणि ‘कॅन्टोन्मेंट’ हा शब्द आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या व्यवहारात रुळला. त्यातील मधले अक्षर ‘टो’ उच्चारावे की ‘टू’, याविषयी मतभेद आहे.

‘टू’च्या बाजूस ब्रिटिश लष्करी परंपरा आहे. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानेही तोच उच्चार नोंदविला असून, हा शब्द जवळजवळ हिंदुस्थानातील इंग्रजीचाच झाल्याचे म्हटले आहे. तथापि एवढ्यावरून ‘टो’ अशुद्ध ठरत नाही. मूळ शब्द फ्रेंच. त्याच्या मुळाशी इटालियन ‘कान्तो’, म्हणजे कोपरा. सैन्य विभागवार उतरविणे हा त्याचा भाव; स्वित्झर्लंडचे ‘कॅन्टन’ याच कुळातले. फ्रेंच शब्दांतील अंत्य ‘ओं’ इंग्रजीत पुष्कळदा ‘ऊन’ होतो. ‘बलून’, ‘प्लॅटून’ ही त्याची उदाहरणे होत. ‘टू’ हेही इंग्रजीने उसन्या शब्दाला दिलेले वळणच. अमेरिकेत तर ‘टो’ रूढ आहे. मराठीने लेखनानुसारी ‘टो’ स्वीकारला आणि बोलण्यात ‘न्म’ हे जोडाक्षर सैल करून ‘कॅन्टोमेंट’ केले, तर तोच अधिकार तिला नाकारता येत नाही.

खरा प्रश्न उच्चारापेक्षा अर्थाचा आहे. राजभाषेतील पर्याय ‘छावणी’ हा होय. परंतु छावणीत तात्पुरतेपणाचा भाव अद्याप जिवंत आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या गेल्या. येथील शेतकऱ्याला ‘छावणी’ म्हणताच दावणीची गुरे व उसाचे वाढे आठवतात. पाऊस पडला की छावणी उठते. पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या वस्तीला तो शब्द अपुरा पडतो.

लोकांनी ही अडचण केव्हाच सोडविली आहे. त्यांनी त्या वस्तीस ‘भिंगार कॅम्प’ म्हटले. इंग्रजीत तात्पुरत्या तळाचा वाचक असलेला ‘कॅम्प’ येथे कायम वस्तीचे नाव झाला आणि पोलीस ठाण्याच्या नावातही शिरला. उसन्या शब्दाची कसोटी मूळ भाषेत लावण्याऐवजी तो येथे कोणते काम करतो, हे पाहणे अधिक शास्त्रीय ठरेल. शासकीय लेखनात ‘छावणी परिषद’ योजावयाची असल्यास कंसात प्रचलित नाव देणे हिताचे. अन्यथा शुद्ध शब्दाने अर्थच संदिग्ध होईल.