शेंदऱ्या बुरुजाखालचे दोघे

पुरंदर पाहायचा मी अनेक वर्षे टाळत आलो. कारण माझी आजी. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली आपल्यातले दोघे आहेत, असे ती आम्हां नातवंडांना सांगे, आणि सांगताना तिचा आवाज अभिमानाने भरून येई. त्या अभिमानाचे काय करावे हे मला कळत नसे. अखेर यंदा गेलो. लष्कराच्या चौकीवर ओळखपत्र दाखवले आणि बिनी दरवाजातून आत शिरलो.

आधी कथा सांगतो. बहामनी अमलात गडाचे बांधकाम चालू होते. एक बुरुज उभा राही आणि पुन्हा ढासळे. दृष्टांत झाला, की नवराबायकोचा बळी दिल्याखेरीज तो टिकणार नाही. मग बहिरनाक सोननाकाने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई अशी दोघे ‘दिली’. त्यांना पायात जिवंत गाडले आणि बुरुज उभा राहिला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. आपल्याकडे फिरणारे रूप हे असे आहे.

ही दंतकथा आहे आणि मी ती इतिहास म्हणून वाचत नाही. पण दंतकथा हाही समाजाने स्वतःविषयी दिलेला जबाबच असतो. बुरुज टिकवायला माणूस लागतो, असे ठरल्यावर त्या समाजाच्या कल्पनेला महारवाडा चटकन आठवला, एवढे तरी ती नक्की सांगते.

आता ‘दिली’ हे क्रियापद पाहा. यात दाता आहे, दान आहे. घेणारा मात्र वाक्यातून निसटला आहे. हुकूम कुणाचा, खड्डा कुणी खणला, माती कुणी लोटली, याची कथेला गरज वाटत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नव्हती, त्या बापाच्या हातून पोटचा मुलगा देववला आणि वर त्याला औदार्य चिकटवले. देवकाई तर सून. तिला देणारा सासरा आणि सोबतीला नवरा; संपूर्ण कथेत तिच्या तोंडी एक शब्द नाही.

याच गडावर मुरारबाजी देशपांडे यांचा पुतळा आहे. 1665 साली मोगलांशी लढताना ते पडले. दिलेरखानाने देऊ केलेला कौल त्यांनी नाकारला, असे बखरी सांगतात. त्यांच्या मरणाला नकाराची धार आहे, हातात तलवार आहे. त्याला बलिदान म्हणावे. नाथनाक-देवकाईच्या मरणाला मात्र तोच शब्द लावणे ही भाषेची लबाडी आहे. दुर्गप्रेमी लेखणी ही लबाडी सहज करते: दोन ओळींत ‘बळी’, तिसऱ्या ओळीत सूर्यास्त.

पण प्रस्थापितांना बोल लावून आपली सुटका नाही. आपल्या कवितेतही पायाच्या दगडाची प्रतिमा वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. आमच्या रक्तावर तुमचे बुरुज उभे आहेत, असे आपण म्हणतो. त्यात संताप असतो तसा एक छुपा आनंदही असतो. आजीच्या आवाजात तोच होता. ज्याला काहीच मिळाले नाही, तो आपल्या मरणाची तरी किंमत लावून घेतो. हे मी समजू शकतो, पण वाङ्मयाने तेथेच थांबू नये.

कारण गडाशी आपले नाते केवळ गाडले जाण्याचे नव्हते. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात गडाच्या शिबंदीत ब्राह्मण, मराठे, रामोशी यांच्याबरोबर महार आणि मांगही नोंदवले आहेत. या साऱ्यांना ‘गडकरी’ म्हणत आणि चाकरीबद्दल त्यांना वंशपरंपरा जमिनी होत्या. गडाच्या वाटा राखणे, बातमी आणणे, शत्रूची दिशाभूल करणे ही बाहेरच्या चौक्यांवरची कामे रामोशी-महारांकडे असत. डोंगराची खडान्‌खडा माहिती असल्याशिवाय ती होत नाहीत. त्या ज्ञानावर आपण किती कथा लिहिल्या?

याच जिल्ह्यात कोरेगावचा स्तंभ आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यांतली 22 ‘नाक’ने संपणारी आहेत. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी तेथे गेले. ती लढाई कोणाच्या बाजूने झाली याचा वाद घालणारे घालोत. पण तेथला नाक शिपाई होता, त्याच्या हाती बंदूक होती आणि त्याचे नाव दगडाच्या वर आहे. पुरंदरचा नाथनाक दगडाच्या खाली आहे. वारशातून काय उचलायचे आणि काय नाकारायचे, हे या दोन दगडांमधल्या अंतरावरून मला समजते.

परतताना मी बुरुजाच्या दिशेने थोडा वेळ पाहत उभा राहिलो. हात जोडले नाहीत. ही कथा माझ्या नातीलाही सांगायची आहे. आजीने सांगितलेली दोन्ही नावे तिला सांगेन. मात्र त्यांना ‘दिले’ असे म्हणणार नाही. ‘गाडले’ म्हणेन. मग ती विचारेल, कुणी?

तो प्रश्न तिला पडला पाहिजे.