अण्णांचा वरणभात
आमच्या शाखेतले शिपाई अण्णा निवृत्त झाले आणि निरोपाच्या जेवणाचं हॉटेल निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बी.कॉम. झाल्याचे भोग! अंबरनाथ पूर्वेला इसवी सन १०६० मधलं शिवमंदिर सहज सापडतं. पण अकरा जणांना रुचेल आणि परवडेल असं हॉटेल सापडणं महाकठीण. दहा जणांची दहा मतं घेतली आणि एक ‘आधुनिक’ ठिकाण ठरवलं.

आता समीक्षा. उजेड इतका मंद, की पनीर की चिकन ते दाताखाली आल्यावरच कळायचं. गाणी इतकी मोठ्यानं, की साहेबांचं निरोपाचं भाषण वेटरनं ऑर्डर समजून लिहून घेतलं. बिलातला पाच टक्के जीएसटी मुकाट्यानं भरला. सेवाशुल्क मात्र २०२२ च्या सरकारी सूचनांप्रमाणे ऐच्छिक असतं, हे सांगून काढायला लावलं. मी खूश!

तेवढ्यात अण्णा हळूच म्हणाले, "साहेब, इथं साधा वरणभात मिळंल का हो?"

मिळत नव्हता. कुणाच्या चहात किती साखर, हे अण्णांना तीस वर्षं पाठ होतं. आमच्या दहा मतांत अकरावं त्यांचं नव्हतं. हॉटेलचे मार्क मी कापले खरे. नापास आम्हीच झालो.