निर्देशांक : एक वाङ्मयीन आस्वाद

कथा-कादंबऱ्या वाचायला मला सवड नाही. परंतु एका ग्रंथमालेचा मी निष्ठावंत वाचक आहे. लेबर ब्यूरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढते. आम्हा बँकवाल्यांचा महागाई भत्ता त्यावर तीन-तीन महिन्यांनी हलतो. त्यामुळे दवनीवाड्यात बसूनही मी त्याचे पुढचे प्रकरण कधी येते याची वाट पाहतो. समीक्षक मंडळी मात्र या वाङ्मयाकडे फिरकलेली नाहीत, ते काम अखेर कारकुनावरच आले.

कथानक साधे. एक कुटुंब, त्याची एक टोपली. तांदूळ, तेल, कापड, घरभाडे, पान-सुपारी, सगळे ठरावीक मापाने भरलेले. सरकारी माणूस 88 केंद्रांतल्या बाजारांत जाऊन भाव विचारतो. टोपली तीच, भाव तेवढे नवे. 2001 च्या आवृत्तीत अन्न हा नायक होता, शंभरातले 46.20 त्याचे. 2016 च्या आवृत्तीत तो 39.17 वर उतरला आणि ‘संकीर्ण’ नावाचे पात्र 23.26 वरून 30.31 वर चढले. संकीर्ण म्हणजे आपल्या भाषेत किरकोळ. दवाखाना, शिक्षण, प्रवास, करमणूक हे सारे त्या किरकोळाच्या पोटात! (पान-सुपारी बिचारी 2.27 वरून 2.07 वर आली. तिच्यावर कोणी दोन ओळी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिल्या.) इथवर लेखकाची पकड पक्की आहे.

दोष एकच. या कादंबरीत शेजारीण नाही.

आमचा धानाचा जिल्हा. घरासमोरच्या बांधीत धान डोलतो, आणि घरात तांदूळ येतो चकचकीत छापील पिशवीतून. कारण शेजारी तशी पिशवी आली. निर्देशांक विचारतो, काल घेतलेली वस्तू आज कितीला? आमच्या घरचा प्रश्न वेगळा : काल न घेतलेली वस्तू आणखी किती दिवस घ्यायची नाही?

मुलगी गावच्या शाळेत पायी जायची, खर्च शून्य. आता शेजारच्या पोरीसारखी तिलाही गोंदियाची शाळा हवी, म्हणजे व्हॅन आली. टोपलीच्या हिशेबी ही महागाईच नव्हे, कारण व्हॅनचे भाडे गेल्या वर्षीइतकेच आहे. आणि शून्यावरची वाढ किती टक्के, हे काढता येत नाही एवढे मी बी.कॉम.ला शिकलो होतो. बायको बी.कॉम. नाही.

“अहो, या खेपेला भत्ता वाढला ना?”

“वाढला. पण तो तांदळा-तेलाच्या भावासाठी असतो.”

“मग तांदूळ तुम्ही पायी आणा न जी. पोरगी व्हॅननं जाईल.”

एवढे नेमके वाक्य ब्यूरोच्या एकाही अंकात मला सापडलेले नाही.

व्हॅन एक जुलैपासून दारात उभी राहू लागली. पुढचा भत्ता ऑगस्टात.