न्यायाधीशाची मोकळीक आणि पिथियसची वही

मागच्या व्याख्यानात आपण फॉर्म्युला म्हणजे काय ते पाहिलं. प्रेटर दोन्ही बाजू ऐकतो, वादाचा मुद्दा लेखी बांधून देतो आणि प्रकरण युडेक्सकडे पाठवतो. हा युडेक्स पगारी न्यायाधीश नव्हे, निवाड्यासाठी नेमलेला एक नागरिक. आजचा प्रश्न असा, की त्याला मोकळीक किती?

पाठ्यपुस्तकांचं उत्तर सोपं असतं. दावे दोन तऱ्हेचे. कठोर दाव्यात एवढंच बघायचं, की 10,000 सेस्टर्स कबूल केले होते का? केले असतील तर द्या. सद्भावनेच्या दाव्यात, म्हणजे खरेदी-विक्री, भाडं, भागीदारी, ठेव अशा व्यवहारांत, फॉर्म्युलातच लिहिलेलं असतं: सद्भावनेनुसार जे देणं लागतं ते. मग युडेक्स उलट येणं वजा करतो, उशिराचं व्याज धरतो, कपटही बघतो. आणि मग म्हणतात, कायदा निष्ठुर होता, तो हळूहळू दयाळू झाला.

आम्हांला ही गोष्ट पटत नाही. का, ते सिसेरोच्याच एका कथेतून बघू.

कॅनियस नावाचा रोमन सरदार सिराक्यूजला आरामासाठी जातो आणि तिथे बाग घ्यायची म्हणतो. पिथियस हा तिथला सावकार. तो कॅनियसला बागेत जेवायला बोलावतो आणि कोळ्यांना आधीच सांगून ठेवतो, की उद्या बागेसमोर मासे धरा. समोर होड्याच होड्या! कॅनियस हुरळतो, मागितलेल्या किमतीला बाग घेतो. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजारी म्हणतो, इथे कधीच कुणी मासे धरत नाही.

सिसेरो म्हणतो, करणार काय? माझा सहकारी आक्विलियस याने कपटाविरुद्धचे फॉर्म्युले तोवर काढले नव्हते. पण थांबा. विक्री तर सद्भावनेचा व्यवहार ना? मग कॅनियस अडला कुठे? आमच्या मते उत्तर कथेतल्या एका बारीक तपशिलात आहे. पिथियसने ती रक्कम हिशेबाच्या वहीत कॅनियसच्या नावे टाकून घेतली. लॅटिनमध्येही शब्द 'नावं' असाच आहे, हे आपल्या जमा-नावेवाल्यांना गंमतीचं वाटेल. वहीत चढलं, की ते विक्रीचं देणं राहिलं नाही. ते ठरावीक रकमेचं, कठोर कायद्याचं देणं झालं.

म्हणजे युडेक्सची मोकळीक पिथियसने व्यवहाराच्या दिवशीच काढून घेतली होती.

उलट बाजूही बघू या. कठोरपणा नेहमी ऋणकोच्याच मुळावर येत नसे. गायस सांगतो, की वादीने देण्यापेक्षा जास्त मागितलं, तर तो अख्खा दावा हरे. आणि फॉर्म्युलात आकडा ठरलेला असताना युडेक्सने कमी-जास्त दिलं, तर तो दावा त्याच्याच अंगावर येई. मोकळीक नाही, पण लहरही नाही.

म्हणून न्यायाधीश दयाळू होता का, हे विचारून फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते हे: देण्याला रूप कुणी दिलं आणि फॉर्म्युलात कुठले शब्द बसले? कपटाचा आक्षेप फॉर्म्युलात घालून मिळाला, तर कठोर दाव्यातही दार उघडे. ते दार कसं उघडलं, ते पुढच्या वेळी पाहू.